कागद हेही हत्यार

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली, की नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या शिवारात पहाटेपासून फवारणीच्या ब्लोअरचा आवाज घुमू लागतो. छाटलेल्या काडीवर कोवळी फूट असते, परतीच्या पावसाचा नेम नसतो, सकाळी पानांवर दव साचतं आणि डाऊनी रोगाला पाय रोवायला एवढं पुरतं. आजची फवारणी उद्यावर गेली तर नुकसान किती होईल, हे कुणीच सांगू शकत नाही. नेमक्या याच दिवसांत, दिवाळीच्या तोंडावर, ब्लोअरचा एचटीपी पंप दाब सोडतो, ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे ब्लोअरला ताकद देणारा मागचा शाफ्ट, अडतो, विहिरीवरची मोटर जळते. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या वर्कशॉपांत गर्दी होते. मिस्त्रीला जेवायला उसंत नसते आणि दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा एकच प्रश्न असतो, "भाऊ, आज मिळंल ना?"

या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एका कागदापाशी अडलेलं असतं. या मॉडेलच्या गिअर बॉक्सला कुठल्या नंबरचं ऑइल सील लागतं? या मोटरीच्या एका खाचेत किती वेढे होते? हेडचे बोल्ट किती टॉर्कला आवळायचे? ते सांगणारा कागद वर्कशॉपमध्येच कुठेतरी असतो. कुठे, ते मिस्त्रीला ठाऊक असतं आणि मिस्त्री तर मोटर उतरवायला मळ्यात गेलेला असतो. मग हाताखालचा पोरगा अंदाज बांधतो.

पान्यांना फळीवर खिळे असतात. प्रत्येक पान्याची बाह्याकृती रंगवून ठेवणारी वर्कशॉपंही असतात, संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली की शोध सुरू होतो. ही शिस्त कागदाच्या वाट्याला येत नाही. तो गल्ल्याखाली, बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात, कॅलेंडरमागे राहतो. कागद हेही हत्यार आहे, त्यालाही ठरलेली जागा हवी. ती नसली की काय होतं आणि ती कशी करावी, याचा हा लेख.

वर्कशॉपमध्ये कागद किती प्रकारचे?

पहिला प्रकार कंपनीच्या पुस्तकांचा. ट्रॅक्टरसोबत मालकाला मिळतं ते वापराचं पुस्तक. त्यात तेल कधी बदलायचं, हवेचा फिल्टर कसा साफ करायचा एवढंच असतं. दुरुस्तीचं पुस्तक वेगळं असतं. इंजिन कुठल्या क्रमानं उघडायचं, टॅपेटची फट किती ठेवायची, कुठला भाग किती झिजला की बदलायचा, हे त्यात असतं. तिसरं पुस्तक सुट्या भागांच्या कॅटलॉगचं. त्यात प्रत्येक भाग सुटा करून काढलेलं चित्र, चित्रातल्या आकड्यासमोर पार्ट नंबर आणि पुष्कळदा अमुक सिरियल नंबरपासून पुढे हा भाग, त्याआधी तो, अशी बारीक अक्षरातली टीप असते. ही तिन्ही पुस्तकं एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. मालकाच्या पुस्तकात टॉर्क शोधणारा वेळ घालवतो आणि कॅटलॉगमध्ये जोडणीचा क्रम शोधणारा चुकतो.

दुसरा प्रकार सगळ्या यंत्रांना लागू होणाऱ्या तक्त्यांचा. बेअरिंगवर ६२०५ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणायचं, आतलं भोक २५ मिलिमीटर. ६३०८ असेल तर ४०. बी-६० पट्टा म्हणजे बी छेदाचा, आतून ६० इंच लांबीचा. एम-१० चा नेहमीचा आटा पाडायचा तर आधी साडेआठ मिलिमीटरचं ड्रिल. जुन्या मिस्त्रींना हे पाठ असतं. नव्या मुलाला ते भिंतीवर वाचायला मिळालं, तर तो चार लोकांसमोर विचारायला लाजणार नाही आणि अंदाजही बांधणार नाही.

तिसरा प्रकार वर्कशॉपनं स्वतः लिहिलेल्या कागदांचा: रिवाइंडिंगची वही, जॉबकार्ड, कुठल्या गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरला कुठला पर्यायी भाग बसला त्याची टिपणं. पहिले दोन प्रकार पैसे मोजून पुन्हा मिळतात. हा तिसरा एकदा गेला की गेला, आणि नेमकी त्याचीच हेळसांड सर्वांत जास्त होते.

"सॅम्पल आणलंय का?"

सुट्या भागांच्या दुकानात पाऊल ठेवलं, की पहिला प्रश्न येतो, "सॅम्पल आणलंय का?" जुना भाग काउंटरवर ठेवायचा, दुकानदारानं त्याच्याशी नवा ताडून पाहायचा आणि द्यायचा. मॉडेल शेकडो, त्यात कंपनीनं मधेच केलेले बदल, त्यामुळे ही रीत वर्षानुवर्षं चालत आली आहे. पुष्कळदा ती काम भागवतेही. पण तिच्यात एक मूलभूत खोट आहे: यंत्रातून निघालेला जुना भागच आधी चुकीचा बसवलेला असेल, तर नवाही चुकीचाच बसतो.

अर्ध्या इंचाच्या बोल्टचं उदाहरण घ्या. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत अर्ध्या इंचाच्या बोल्टला एका इंचात १२ आटे असतात, अमेरिकन यूएनसी पद्धतीत १३. शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक सहज कळत नाही. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे आरामात चढतो आणि मग अडतो. घाईत असलेला माणूस पाना लावून जोर देतो, आटे मरतात, पुढच्या वेळी तो बोल्ट काढताना तुटतो. आटे मोजायचा गेज आणि भिंतीवरचा तक्ता दोन्ही हाताशी असतील, तर हे टळतं.

सॅम्पलच्या याच खोटीमुळे एक विमान कोसळता कोसळता वाचलं. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाकडे निघालं. १७,००० फुटांच्या वर असताना कॅप्टनसमोरची काच उडाली आणि आतल्या हवेच्या दाबानं कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टनसह सगळे वाचले.

ती काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. चौकशीत निघालं, की ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचानं, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकानं, बारीक होते. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण आखूड. काम करणारा शिफ्ट मॅनेजर अनुभवी होता. त्यानं जुने बोल्ट काढले आणि त्यांच्यासारखेच नवे घ्यायचे ठरवले. स्टोअरमधल्या माणसानं या काचेला दुसरा नंबर लागतो असं सांगितलं, तरी त्यानं काढलेल्या बोल्टांवरच भरवसा ठेवला. मग अपुऱ्या उजेडात, खणातले बोल्ट डोळ्यानं ताडून उचलले. कॅटलॉग उघडून पार्ट नंबर पाहिला नाही. आणि ज्या जुन्या बोल्टांवर त्यानं विश्वास टाकला, तेही मुळात आखूडच होते. आधीच्या कुणाची तरी चूक त्यानं प्रामाणिकपणे पुढे चालवली.

पिंपळगावच्या वर्कशॉपमधल्या चुकीनं कुणी आकाशातून पडणार नाही. पण पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याच्या शाफ्टचा बोल्ट फिरत असताना तुटला, तर जवळ उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. डोळा समोर दिसणाऱ्या भागाची नक्कल करतो. तो भाग मुळात कसा असायला हवा, हे कागदच सांगतो.

दहा-बारा किलोमीटरवरची शिस्त

कागदाची ही शिस्त पिंपळगावकरांना परकी नाही. नाशिककडे निघालं की दहा-बारा किलोमीटरवर ओझर लागतं आणि तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. १९६० च्या दशकात मिग-२१ च्या परवाना-उत्पादनासाठी तो उभा राहिला. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी विभागणी होती. यंत्रांबरोबर रशियन भाषेतले कागदही आले. ते समजून घेतल्याशिवाय एक रिव्हेटही ठोकता येत नव्हता. पुढे मिग-२७ आलं, सुखोई-३० एमकेआय आलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेल्या तेजस मार्क-१ए नं इथून पहिलं उड्डाण केलं. विमान बदललं की कागदाचं अख्खं कपाट बदलतं. कागद वापरायची पद्धत मात्र टिकते.

विमान दुरुस्तीत कुठेही जा, कागदाचे काही नियम सारखे असतात. पुस्तकाच्या पानावर सुधारणेचा क्रमांक आणि तारीख असते. नवं पान आलं की जुनं काढून टाकतात आणि सुरुवातीच्या नोंदपत्रकात तसं लिहून सही करतात. कुठली पानं आज लागू आहेत, त्याची यादी पुस्तकातच असते. जुनं पान "असू दे, उपयोगी पडेल" म्हणून तिथेच ठेवायला मनाई असते, कारण दोन उत्तरं देणारं पुस्तक उत्तर न देणाऱ्या पुस्तकापेक्षा घातक.

आणखी एक गोष्ट नागरी विमानांकडून घेण्यासारखी आहे. १९५६ साली अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या संघटनेनं एटीए-१०० ही क्रमांकपद्धत काढली. विमान कुठल्याही कंपनीचं असो, २४ व्या प्रकरणात वीजपुरवठा, २८ व्यात इंधन, २९ व्यात हायड्रॉलिक, ३२ व्यात चाकं आणि त्यांचे पाय. त्यामुळे मेकॅनिक एका कंपनीच्या विमानावरून दुसऱ्यावर गेला, तरी त्याला पुस्तकात वाट शोधावी लागत नाही. पाच-सहा कंपन्यांचे ट्रॅक्टर रोज हाताळणाऱ्या वर्कशॉपला याहून उपयोगाची कल्पना दुसरी नाही.

रिवाइंडिंगची वही

बागायती पट्ट्यातल्या वर्कशॉपची खरी कमाई रिवाइंडिंगच्या वहीत असते. जळालेली मोटर आली, की जुनी कॉइल कापण्याआधी मिस्त्री सगळं मोजून लिहितो: कंपनी, एचपी, मिनिटाचे फेरे, खाचा किती, एका खाचेत वेढे किती, तारेचा गेज, पिच, स्टार की डेल्टा, निघालेल्या तांब्याचं वजन. ३६ खाचांची, चार ध्रुवांची, थ्री फेज मोटर असेल तर ध्रुवाला ९ खाचा आणि फेजला ३, एवढा हिशेब करता येतो. वेढे आणि गेज मात्र हिशेबानं सहज निघत नाहीत. ते निर्मात्यानं ठरवलेले असतात आणि पहिल्यांदा मोटर उघडणाऱ्यालाच ते मूळ रूपात दिसतात.

सॅम्पलची खोट इथेही आडवी येते. मोटर याआधी दुसरीकडे भरलेली असेल आणि तिथल्या माणसानं हाताशी होती ती तार वापरली असेल, तर तीच मोजून भरणारा चूक पुढे नेतो. वीस नंबरची तार ०.९१४ मिलिमीटर जाडीची, एकवीस नंबरची ०.८१३. आकड्यात फरक एकाचा, पण तांब्याचा छेद सुमारे एक पंचमांशानं घटतो आणि त्याच प्रवाहाला उष्णता साधारण पाव पटीनं वाढते. मोटर चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि भर उन्हाळ्यात ती पुन्हा जळते. त्याच मॉडेलची, कंपनीनं भरलेली मोटर कधीतरी उघडली होती आणि तिची नोंद वहीत आहे, हे मिस्त्रीला वेळेवर सापडलं तर हे टळतं.

पण नोंदी तारखेनं लिहिलेल्या असतात आणि शोध मात्र मोटरीनं घ्यायचा असतो. म्हणून वही बदलू नये, तिला सूची जोडावी. प्रत्येक नोंदीला चालू क्रमांक द्यावा. वहीच्या शेवटी तीन, पाच, साडेसात, दहा एचपी अशी पानं पाडावीत आणि प्रत्येक पानावर कंपनी, खाचा आणि नोंदीचा क्रमांक लिहावा. मूळ कंपनीच्या वाइंडिंगची नोंद असेल तर तिच्यापुढे लाल खूण करावी. आणि शेवटचा रकाना ठेवावा: परत आली की नाही. हा रकाना बहुतेक वह्यांत नसतो. पण त्यामुळेच वही नुसत्या आकड्यांची न राहता अनुभवाची होते. कुठली तार, कुठलं वार्निश, कुठली जोडणी इथल्या विजेवर आणि इथल्या उन्हाळ्यात टिकली, हे कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही.

कपाट लावताना

सुरुवात एका टेबलावर सगळे कागद गोळा करून करावी. वर सांगितलेल्या तीन प्रकारांचे तीन ढीग करावेत. चौथा ढीग जीएसटीची बिलं, वॉरंटीची कार्डं, उधारीच्या चिठ्ठ्या यांचा. तो हिशेबाच्या कपाटात जाईल, त्याला इथे थारा नाही. थर्मल कागदावरची बिलं फिकी पडतात, वॉरंटीसाठी लागणार असतील तर त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी.

बांधलेली पुस्तकं फाडू नयेत. ती कंपनी आणि मॉडेलप्रमाणे उभी ठेवावीत, कण्यावर जाड अक्षरात नाव लिहावं आणि पहिल्या पानावर ते पुस्तक कुठल्या सिरियल नंबरपर्यंत चालतं ते नोंदवावं. सुटे कागद मात्र भागाप्रमाणे लावावेत, सगळ्या कंपन्यांसाठी एकच क्रमांक: १ इंजिन, २ क्लच आणि गिअर, ३ मागचा धुरा आणि ब्रेक, ४ हायड्रॉलिक, ५ वीज, ६ पीटीओ, ब्लोअर आणि पंप, ७ मोटर, ८ आटे, बेअरिंग आणि पट्टे, ९ तेल आणि ग्रीस. प्रत्येकाला एक बॉक्स फाइल, आणि हीच यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. सूचीत शब्द वर्कशॉपमध्ये बोलतात तेच असावेत, म्हणजे कालच लागलेल्या मुलालाही फाइल काढता येईल.

मूळ पुस्तक कपाटात राहावं, कामाच्या टेबलावर त्याची झेरॉक्स यावी. रोज लागणारी टॉर्कची, टॅपेटची, तेलाची पानं लॅमिनेट करून ठेवावीत. तेलाचा हात लागला तरी चिंधीनं पुसता येतात. टॉर्क लिहिताना एकक लिहायलाच हवं. जुन्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर किंवा फूट-पाउंड असतात, नव्यात न्यूटन-मीटर. दहा किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर. एकक न पाहता नुसता दहाचा आकडा उचलणाऱ्याचे बोल्ट ढिलेच राहतील. पुस्तक बाहेर नेलं तर त्याच्या जागी एक पुठ्ठा उभा करावा आणि त्यावर नेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहावी. कालबाह्य झालेल्या कागदावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहावं आणि तो कपाटातून बाहेर काढावा.

कपाट लोखंडी असावं, भिंतीपासून थोडं पुढे आणि जमिनीपासून उंच. पावसाळ्यात भिंतीतली ओल आणि वाळवी दोन्ही मागून येतात. डिझेलनं पार्ट धुवायची जागा त्याच्यापासून दूर हवी. मोबाइलवर फोटो जरूर काढावेत, विशेषतः रिवाइंडिंगच्या वहीच्या प्रत्येक पानाचे, कारण वही एकच असते. पण फोटोंनाही कपाटातलेच क्रमांक द्यावेत. लग्नाच्या आणि बागेच्या फोटोंत मिसळलेलं पान ग्रीसच्या हातानं शोधणं हे गल्ल्याखाली शोधण्याइतकंच कठीण.

आणि या सगळ्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी. सगळ्यांची म्हटलेली जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

वर्कशॉपचा कागद बागेपर्यंत

२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यानं युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले. त्याचा घाव नाशिक जिल्ह्यानं सोसला आणि निर्यातक्षम बागेत औषधाइतकंच महत्त्व औषधाच्या नोंदीला आलं. काय फवारलं, कधी, किती, कुठल्या यंत्रानं, हे लिहिलेलं असावं लागतं. या साखळीतली "कुठल्या यंत्रानं" ही कडी वर्कशॉपमध्ये तयार होते.

नोझलचे रंग पाहा. आयएसओ १०६२५ या मानकाप्रमाणे पिवळा नोझल तीन बार दाबाला मिनिटाला ०.८ लिटर सोडतो, निळा १.२ लिटर. पण ब्लोअरवर लागणाऱ्या पोकळ शंकूच्या काही नोझलमालिकांत कंपनीचे स्वतःचे रंग असतात, तिथला पिवळा वेगळा. रंगाला रंग ताडून नोझल बदलला, तर एकरी औषधाचा सारा हिशेब चुकतो. म्हणून नोझल बदलल्यावर जॉबकार्डवर कंपनी, मालिका, रंग, दाब आणि भांड्यात मोजलेला प्रवाह लिहून त्याची प्रत शेतकऱ्याला द्यावी. त्याच्या फवारणीच्या वहीत तो कागद पुरावा म्हणून उभा राहतो. अशा नोंदीच्या वर्कशॉपकडे गिऱ्हाईक भाव न करता येईल, याबद्दल मला शंका नाही.

गावाचं कपाट

इथवरचं काम एकेका वर्कशॉपनं स्वतःच्या बळावर करायचं आहे. पण काही कागद एकट्याला झेपणारे नाहीत. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते आणि तिच्या अहवालांत पीटीओवर मिळालेली ताकद, इंधनाचा खप, भागांची झीज असे मोजलेले आकडे असतात. चेन्नईची राष्ट्रीय शिक्षण माध्यम संस्था, जिला सगळे निमी म्हणून ओळखतात, आयटीआयच्या ट्रेडची पुस्तकं काढते. बंद पडलेल्या मॉडेलांचे कॅटलॉग एखाद्याच मिस्त्रीकडे उरलेले असतात. हे सगळं प्रत्येकानं विकत घेऊन ठेवणं शक्य नाही. गावात एका ठिकाणी ठेवणं सहज शक्य आहे.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी आधार दिला आणि गावोगावी वाचनालयं उभी राहिली. त्यांत कादंबऱ्या आहेत, चरित्रं आहेत, स्पर्धापरीक्षांची पुस्तकं आहेत. ज्या तालुक्याचं पोट ट्रॅक्टर, ब्लोअर आणि मोटरीवर चालतं, तिथल्या वाचनालयात यंत्रांचं एक कपाट असायलाच हवं. वाचनालयाला ते जमत नसेल तर बाजार समितीनं किंवा बागायतदारांच्या संघानं एक खोली द्यावी. निवृत्त होणाऱ्या मिस्त्रींनी आपल्या रिवाइंडिंगच्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती तिथे ठेवाव्यात, वह्यांवर त्यांचं नाव असावं. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसांनी आठवड्यातला एक दिवस देऊन सूची करायला शिकवावी. आयटीआयच्या मुलांनी उन्हाळी सुट्टीत नोंदी उतरवून काढाव्यात. त्यात त्यांना एका हंगामात जे शिकायला मिळेल, ते वर्गात दोन वर्षांत मिळणार नाही.

अडचण येईल ती व्यापाराची. आपली वही दुसऱ्याच्या हाती गेली तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती खरी आहे आणि तिला हसून उडवू नये. चालू वही ज्याची त्यानं ठेवावी. दहा वर्षं जुनी वही सर्वांची करावी. दहा वर्षांपूर्वीच्या मोटरी अजून विहिरींवर चालू आहेत आणि त्या भरणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. मिस्त्री गेला की त्याचे पाने मुलगा वापरतो आणि वही रद्दीत जाते, हा क्रम आता मोडायला हवा. तो मोडायला एक खोली, एक सूची आणि ती सांभाळणारा एक माणूस लागतो. द्राक्षं सातासमुद्रापार पाठवण्याची व्यवस्था ज्या गावांनी उभी केली, त्यांना एवढं अवघड नाही.